बाराचा ऑर्गन

म्युनिकच्या आमच्या मराठी मंडळाची उन्हाळी सहल कूफश्टाइनलाच जाणार, हे जणू मंडळाच्या घटनेतच लिहिलेलं होतं. गाव ऑस्ट्रियातलं, पण बायर्न-तिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्याचं रेल्वेचं दिवसभराचं तिकीट, तिथपर्यंत चालतं आणि एका तिकिटावर पाच जण जातात. आता पाच-पाचच्या टोळ्या पाडायच्या म्हणजे 'आम्ही यांच्याबरोबर' सुरू. त्यात पहिली गाडी हमखास चुकायची.

तरी बाराच्या आत पोचायचंच. भर बाराला किल्ल्याच्या बुरुजातला ऑर्गन, पाइपांतून हवा सोडून वाजणारं ते भलंमोठं वाद्य, वाजतो, तोही रोज. पहिल्या महायुद्धात पडलेल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन सैनिकांच्या स्मरणार्थ तो १९३१ साली बसवला. पाइप आता ४,९४८ आहेत. सूर खालच्या बाजारात, नदीपलीकडे, सगळीकडे ऐकू येतो. दगडी स्मारकाला वळसा घालून जाता येतं, याला नाही. मला ते फार आवडायचं.

खरी गंमत वादकाची. तो बुरुजात नसतोच. टेकडीच्या पायथ्याशी काचेच्या खोलीत बसून वाजवतो आणि पाइप शंभरेक मीटर लांब, वर. पट्टी दाबल्यावर सूर खाली यायला वेळ लागतो, म्हणजे कानावर भरवसा न ठेवता बोटं पुढे न्यायची. आमचा तबलजी दरवर्षी काचेजवळ उभा राहून ते बघायचा. "आपल्याला नाही जमणार बुवा, सम कुठे शोधायची?"

शेवटी पडलेल्या सोबत्यासाठीचं जुनं सैनिकी गाणं वाजतं. एकदा मुलाकडे आलेले साताऱ्याचे एक निवृत्त सुभेदार काका बरोबर होते. त्यांनी अपशिंग्याचं सांगितलं. त्याच युद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले, इंग्रजांच्या फौजेतून, म्हणजे यांच्या विरुद्ध बाजूने. मग बुरुजाकडे बघत विचारलं, "ह्यांच्या घरच्यांना पेन्शन मिळाली का रं?" आमच्यातल्या एकालाही उत्तर देता येईना.

त्यानंतर इन नदीकाठी सतरंज्या, धपाटे, दाण्याची चटणी आणि अंताक्षरी.

पुढे एका नव्या कमिटीने टूम काढली, यंदा झाल्सबुर्ग, तिथेही तेच तिकीट चालतं. मोठ्यांच्या माना डोलल्या. पोरांनी मात्र सभेतच गोंधळ घातला, काचेतले काका पाहिजेत म्हणून. ठराव बारगळला आणि सेक्रेटरी पुन्हा पाच-पाचच्या याद्या करायला बसले.