केबल मशीन आणि काकूंचा खांदा

डंबेल कसंही धरा, ओढ खालीच जमिनीकडे. केबल मशीनचं, म्हणजे जिममधल्या पुलीवरून तार ओढून वजन उचलायच्या यंत्राचं, तसं नाही, पुली वर-खाली सरकवली की ताण वरून, बाजूनं, तिरका, पाहिजे तिकडून येतो, आणि खांद्यासारख्या सगळीकडे फिरणाऱ्या सांध्याला हेच लागतं ना. आमच्या दांडिया बाजारातल्या काकूंचा जखडलेला खांदा जरा मोकळा झाल्यावर फिजिओनं पुली कोपराच्या उंचीवर लावली, काखेत टॉवेलची गुंडाळी, कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर फिरवायचा, ह्यानं रोटेटर कफच्या, म्हणजे खांद्याचा सांधा जागेवर धरणाऱ्या, 4 स्नायूंपैकी मागचे दोन काम करतात. आता त्या स्वतःची वेणी स्वतः घालतात, इतकं बरं वाटतं बघून! अन् हो, बऱ्याच मशीनवर 2:1 पुली असते, म्हणजे वजन ठरवायची पिन 10 किलोवर असली तरी हाताला साधारण 5च लागतात, जिम बदलली तर जुना आकडा तसाच लावू नका.