हिंगाष्टक चुकतं ते हिंगापाशीच

हुलग्याचं माडगं, मटकीची आमटी, पावटा. सोलापुरी जेवणात पोटात वारा धरणारं काही ना काही रोज असतंच, म्हणून हिंगाष्टकाची, म्हणजे हिंग धरून आठ जिनसांच्या पाचक चूर्णाची बाटली घरात हवी. चूर्ण घरीच करावं, कारण हिंग कुठला आणि कसा तळलाय हे आपल्याला ठाऊक असतं.

सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, जिरे, शहाजिरे, सैंधव प्रत्येकी १० ग्रॅम. जुन्या आयुर्वेदिक पाठात ओव्याच्या जागी अजमोदा (ओव्यासारखंच एक बी) आहे, पण घरी ओवा चालतो. हिंग काही जण इतरांइतकाच घेतात. रोजच्या जेवणाला तो फार उग्र होतो, ५ ग्रॅम पुरे. दुकानात शहाजिरं मागताना 'काळं जिरं' म्हणू नका. कडूजिऱ्याची पुडी हातात पडली की सगळं चूर्ण कडूजहर.

बांधणी हिंगात पीठ आणि डिंक असतो, म्हणून खडा हिंगच घ्या. हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करून चमचाभर तुपात अगदी मंद आचेवर सोडा. ते लाहीसारखे फुलतात. एक खडा गार करून बोटांत चुरडा: कोरडा भुगा झाला तर झालं, मध्ये चिकट लागला तर आणखी थोडं. कच्चा राहिलेला हिंग मिक्सरच्या पात्याला चिकटून बसतो आणि चूर्णाच्या गाठी होतात. आच मोठी झाली तर वरून करपतो, आत तसाच राहतो. तूप कागदावर नीट निथळू द्या, नाहीतर चूर्ण खवट होतं.

जिरं, शहाजिरं खमंग भाजा. ओवा मात्र तव्यावर नुसता गरम करा. त्याचा गुण वास देणाऱ्या तेलात आहे आणि जास्त भाजला की तेच उडून जातं. सैंधव कोरडं परतून घ्या. पिंपळीत कीड आहे का ते मोडून बघा. सुंठ आधी खलबत्त्यात कुटा, मग सगळं मिक्सरमध्ये एकत्र दळून चाळा. सुंठीचे दोरे चाळणीत राहतील.

जेवणाच्या सुरुवातीला पहिल्या दोन घासांत, गरम भाकरीवर चमचाभर तूप आणि अर्धा चहाचा चमचा चूर्ण. जेवण झाल्यावर पाण्याबरोबर घेऊन तो गुण येत नाही.

बहुतेक द्रव्यं उष्ण आहेत. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात पाव चमच्यावर थांबा, किंवा ताकात भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून भागवा. आम्लपित्त, अल्सर, रक्तदाब असेल किंवा गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. काचेच्या बाटलीत, कोरड्या चमच्याने वापरलं तर दोन महिने वास टिकतो. वास गेला की नवं करा.