ड्रायव्हरला उगाच दोष देऊ नका

सोसायटीच्या ऑफिसात जुन्या डेस्कटॉपवर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलंय आणि मेंटेनन्सची बिलं वायफायवाल्या लेझर प्रिंटरवर निघतात. परवा सेक्रेटरी काकांचा फोन, "अरे, प्रिंटर गेला बघ, येऊन ड्रायव्हर परत टाकून दे." प्रिंट आली नाही की सगळ्यांना पहिला ड्रायव्हरच, म्हणजे कॉम्प्युटरला प्रिंटरची भाषा शिकवणारं सॉफ्टवेअर, का आठवतो देव जाणे, कालपर्यंत छापत होता तर ड्रायव्हर एका रात्रीत कुठे पळून जाणार?

लिनक्सवर छपाईचं सगळं कप्स (CUPS) नावाचं सॉफ्टवेअर बघतं, 1999 मध्ये आलेलं, मॅकच्याही पोटात तेच आहे. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट कोलन 631 टाकलं की त्याचं पान उघडतं, पण मला टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, बरं पडतं, एलपीस्टॅट मायनस टी ही कमांड मारली की सगळी कुंडली समोर. शेड्युलर, म्हणजे छपाईची कामं पुढे पाठवणारा कप्सचा भाग, चालू होता, म्हणजे कप्स ठीक. पण प्रिंटरसमोर लिहिलेलं डिसेबल्ड, म्हणजे बंद, आणि डिव्हाइसच्या ओळीत प्रिंटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता: सॉकेट, 192.168.1.20, पोर्ट 9100. मग कॉम्प्युटरचा स्वतःचा आयपी बघितला तर तो 192.168.0 ने सुरू होणारा, म्हणजे नेटवर्कच बदललेलं! काकांना विचारलं, "नवीन राउटर बसवलात का?" तर म्हणे, "हो, शनिवारी. पण त्याचा प्रिंटरशी काय संबंध?"

संबंध हाच की सगळ्यांना आयपी वाटून देतो तो राउटरच. नवीन राउटरने प्रिंटरला नवीन पत्ता दिला आणि कप्स बिचारं जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत बसलं. प्रिंटरच्या पॅनलवरून नेटवर्कचं पान छापून घेतलं, त्यावर नवा आयपी होताच, पिंगही लागला, म्हणजे त्या पत्त्यावरून उत्तर आलं. मग कप्सला नवा पत्ता सांगायची कमांड: एलपीअ‍ॅडमिन मायनस पी, रांगेचं (कप्समधल्या प्रिंटरचं) नाव, मायनस व्ही, नवा पत्ता, एवढंच. ड्रायव्हरला हातही लावला नाही. पत्ता परत हलू नये म्हणून राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी रिझर्व्ह, म्हणजे त्याच्यासाठी राखून, टाकला.

तरी प्रिंट येईना! इथेच लोक कंटाळून सगळं अनइन्स्टॉल करतात. या रांगेची एरर पॉलिसी होती स्टॉप-प्रिंटर, म्हणजे एकदा काम फसलं की कप्स रांगच बंद करतं आणि पत्ता सुधारला म्हणून ती आपोआप उघडत नाही, कपसेनेबल ही कमांड देऊन सांगावं लागतं. मी पॉलिसी बदलून रिट्राय-जॉब, म्हणजे फसलेलं काम परत करून बघ, अशी करून ठेवली, ऑफिसात तीच बरी.

बाय द वे, प्रिंटर गेस्ट वायफायवर आणि कॉम्प्युटर मेन वायफायवर असेल तर प्रिंटर बऱ्याचदा दिसतच नाही, तेव्हा कप्समध्ये डोकं घालायच्या आधी दोघं एकाच नेटवर्कवर आहेत ना ते बघा.

असो, कपसेनेबल मारलं आणि मशीन धडाधड सुरू झालं, एकच बिल, परत तेच बिल, परत तेच, कारण प्रिंट येत नाही म्हणून काकांनी बटण दाबून दाबून रांग भरून ठेवली होती. रांगेतली सगळी कामं रद्द करणारं कॅन्सल मायनस ए मारेपर्यंत ट्रे अर्धा रिकामा.