तुम्ही विचारलंत म्हणून: वजन आपोआप उतरतंय, मग थायरॉइडच्या गोळ्या कशाला?

हा प्रश्न मला सारखा विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात बहुतेक वेळा थोडा हेवा असतो. दुप्पट जेवायचं आणि तरी बारीक व्हायचं, यात उपचार करण्यासारखं काय आहे?

माझी थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन बनवते. कारण ग्रेव्ह्ज आजार. यात शरीराच्याच अँटिबॉडीज ग्रंथीला सतत कामाला जुंपतात. टी३, टी४ ही थायरॉइडची हार्मोन्स वाढतात, आणि ग्रंथीला हुकूम देणारं हार्मोन, टीएसएच, जवळजवळ शून्यावर येतं. मग शरीर बसल्या जागीही जास्त इंधन जाळतं, आणि खाल्लेलं पुरेनासं झालं की चरबीबरोबर स्नायूही मोडायला काढतं. काट्यावर कमी झालेल्या किलोंमध्ये माझ्या मांड्यांची ताकदही गेली होती. जमिनीवर बसलं की हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येईना. (मोजक्या लोकांचं वजन उलट वाढतं, कारण त्यांची भूक खर्चालाही मागे टाकते.)

स्नायूंपेक्षाही मला धास्ती आहे ती हृदयाची. निवांत बसलेलं असतानाही नाडी शंभरीपार जाते, ते एकवेळ सोसता येतं. पण एट्रियल फिब्रिलेशन सुरू झालं तर हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, तिथे रक्त साचून गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. वयस्कर माणसांत कधीकधी या आजाराची हात थरथरणं, घाबरंघुबरं होणं ही लक्षणं दिसतच नाहीत. फक्त मरगळ आणि घटलेलं वजन. सगळे म्हणतात, वय झालं.

हाडं भरून निघण्यापेक्षा वेगाने झिजतात, पाळी गेलेल्या बायकांनी हे विशेष लक्षात ठेवावं. पोट वारंवार साफ होतं, यकृताचे रिपोर्ट बिघडू शकतात. डोळे पुढे येणं मात्र खास ग्रेव्ह्जचं लक्षण, आणि धूम्रपानाने ते बळावतं.

कार्बिमाझोल ही गोळी नवं हार्मोन बनणं रोखते, पण ग्रंथीत साठलेलं संपायला काही आठवडे जातात. तोवर धडधडीला प्रोप्रॅनोलॉल. पुढे वजन परत येतं, माझं आलंच. कार्बिमाझोल घेणाऱ्या कुणाला ताप येऊन घसा दुखू लागला, तर साधी सर्दी समजून थांबू नका. गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या नाहीत ना, ते तपासून घ्या.