सामूहिक वनहक्काचा दावा : आमच्या गावाचा अनुभव

गडचिरोलीत वनहक्काचा विषय निघाला की मेंढा (लेखा) हे नाव येतंच. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हाती आले. आम्ही हे ऐकून होतो. पण शेजारच्या गावाला मिळालं म्हणून आपल्याला आपोआप मिळत नाही. दावा प्रत्येक गावाला आपला आपण उभा करावा लागतो.

माझ्या आईच्या पिढीने सरपणाच्या मोळीसाठी कुऱ्हाडी जप्त होताना पाहिल्या. १९२७ च्या वन कायद्यापुढे आम्ही सगळे संशयित. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, असं आपल्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलं. सभेत ते वाक्य मी मोठ्याने वाचलं तेव्हा एक आजोबा म्हणाले, "मंग कुऱ्हाड कोन परत देते?"

दाव्याचं काम पाहणाऱ्या गावच्या वनहक्क समितीची सचिव म्हणून माझं नाव आलं ते बारावी झालेली, गावातच राहिलेली मुलगी म्हणून. समितीत एक तृतीयांश बाया लागतात. पहिल्या यादीत बायांची नावं होती ती निव्वळ संख्या भरायला, हे उघडच होतं. ते बदललं शिवफेरीत.

फॉरेस्टवाल्यांच्या नकाशावर जंगल म्हणजे कक्ष क्रमांक, आखलेल्या तुकड्यांचे नंबर. आमच्याकडे नाले, खडक, देवाची जागा, जुने मोह. जीपीएस हातात घेऊन आम्ही शिवेवरून निघालो तेव्हा पुरुषांना मोठ्या वाटा ठाऊक होत्या. चारोळी कुठे, डिंक कुठे, उन्हाळ्यात कोणत्या झऱ्याला पाणी असतं, हे बायांना. एका नाल्यापाशी पुरुष म्हणाले, इथे आपली हद्द संपते. आमच्यातल्या एक मावशी थांबल्याच नाहीत. "पलीकडं आमी दरसाल मोह येचतो," म्हणत त्या पाण्यात उतरल्या. तो पट्टा दाव्यात आला तो त्यांच्यामुळे. शेजारचं गावही त्यावर हक्क सांगत होतं. मग दोन्ही समित्या एकत्र बसल्या आणि तेंदू (विडीचं पान), मोह दोघांचा असं ठरलं. या बैठकीत आवाज बरेच चढले, ते लिहीत नाही.

पुराव्यांत सगळ्यात उपयोगी पडलं निस्तार पत्रक. बांबू, सरपण, गवत, चराई यांचे गावाचे जुने हक्क त्यात सरकारनेच नोंदवलेले असतात. कार्यालयात "कागद जीर्ण झालेत" हे उत्तर मिळालं. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकल्यावर नक्कल निघाली. सोबत वृद्धांचे जबाब जोडले. कायद्यात तोही पुरावाच आहे. हे बऱ्याच गावांना कोणी सांगत नाही.

पडताळणीला वन आणि महसूल, दोन्ही खात्यांना लेखी कळवलं. वन खात्याचं कोणी आलं नाही. नंतर दावा तपासणाऱ्या उपविभागीय समितीत त्याच खात्याची हरकत: आमच्या गैरहजेरीत पडताळणी झाली! २०१२ च्या सुधारित नियमांत याचं उत्तर आहे. अशी हरकत आली तर दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे परत येतो, आणि खातं पुन्हा गैरहजर राहिलं तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. आम्ही पुन्हा बोलावलं. या वेळी वनरक्षक आले, आमच्याबरोबर उन्हात फिरले आणि कार्यवाहीवर सही करून गेले. माझ्या मते खरा फरक पडला तो तिथे. एरवी आम्ही त्यांच्या दारात उभे असायचो.

मध्ये एका बाबूने सल्ला दिला होता, क्षेत्र थोडं कमी करून द्या, लवकर होईल. सभेने साफ नकार दिला. तरी हक्कपत्र आलं तेव्हा एक कक्ष सुटलेलाच होता. जिल्हा समितीकडे हरकत घातली आहे.

त्यानंतरचा पहिला तेंदू हंगाम ग्रामसभेने स्वतः लावला. आमच्याकडे सत्तर पानांचा एक पुडा. फळीवर, म्हणजे पानं गोळा होतात त्या जागी, तो कोण मोजतं आणि वहीत काय चढतं, यावर मजुरी ठरते. पूर्वी मोजणारा कंत्राटदाराचा माणूस असायचा, आता गावचा. पण आमचेच चार पुरुष कंत्राटदाराशी परस्पर बोलणी करून आले, तेव्हा बायांनी सभा बोलावली. निविदा सभेतच उघडायची, कंत्राटदाराला एकट्याने कोणी भेटायचं नाही आणि हिशेब वाचून दाखवायचा, असे ठराव झाले. फॉरेस्टच्या जागी गावातले चार जण मालक होणार असतील तर एवढी खटपट कशाला, असं एकीने तोंडावर विचारलं.

सुटलेल्या कक्षासाठी आता स्मरणपत्राचा ठराव घ्यायचा आहे. आणि वाहतूक पासवर सही करायचे अधिकार या वेळी बायांकडे द्यायचे का, यावर गावात अजून भांडण चालू आहे.