जहाजावर चढण्याआधी बुडापेस्ट पायी पाहावे

युरोपातील डॅन्यूब नदीवरील क्रूझ ठरली की बरेच प्रवासी बुडापेस्टला आदल्या रात्री उतरतात, दुसऱ्या दिवशी सामान जहाजावरील खोलीत ठेवतात आणि शहर डेकवरूनच पाहून घेतात. माझा आग्रह असा, की किमान दोन पूर्ण दिवस आधी पोहोचावे. बडोद्याहून निघणाऱ्याला अहमदाबाद किंवा मुंबई गाठून पुढे पुन्हा विमान बदलावे लागते, आणि वाटेत एखादे विमान चुकले किंवा सामान मागे राहिले तरी जहाज कोणासाठी थांबत नाही, हे व्यावहारिक कारण तर आहेच. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते असे, की जिच्या पाण्यावर आठवडाभर राहायचे त्या नदीने या शहराला काय काय सोसायला लावले, हे काठावरून चालल्याशिवाय समजत नाही.

आम्हा बडोदेकरांना तर ते लगेच भिडते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा काळा घोडा चौकाजवळच्या पुलापाशी पातळी किती फुटांवर गेली, याची घरोघरी सारखी विचारपूस चालली होती. आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर त्या पाण्याची पिवळट रेघ रंग दिल्यानंतरही पुसटशी दिसते. जुन्या पेस्टमध्ये, म्हणजे बुडापेस्टच्या पूर्व काठावरील भागात, अशीच रेघ मुद्दाम जपून ठेवलेली आहे. भिंतीवर एक लहानसा फलक असतो, त्यावर एक हात कोरलेला असतो, आणि त्या हाताचे बोट जिथे रोखलेले असते तिथवर मार्च १८३८ मध्ये पुराचे पाणी चढले होते. अशा एका फलकासमोर आमच्या वहिनी बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "आपल्याकडेही हे लावायला हवं, म्हणजे पुढच्यांना घर कुठे बांधायचं ते कळेल." मला त्यांचे म्हणणे अगदी मनापासून पटले.

त्या पुराचे कारण पाऊस नव्हे, बर्फ होते. गोठलेली नदी फुटू लागली, बर्फाचे प्रचंड तुकडे शहराच्या दक्षिणेला चेपेल बेटापाशी तुंबले आणि मागचे पाणी पेस्टमध्ये घुसले. कच्च्या विटांची घरे भिजून बसली. दोन हजारांहून अधिक घरे कोसळली आणि दीडशेच्या वर माणसे गेली. बॅरन मिक्लोश वेशेलेनी यांनी होडी घेऊन रात्रंदिवस लोकांना बाहेर काढले, आणि फ्रान्सिस्कन चर्चच्या रस्त्याकडील भिंतीवर त्यांचे ते बचावकार्य दाखवणारे मोठे उठावशिल्प आहे. संगीतकार फ्रान्झ लिस्ट यांनी पूरग्रस्तांसाठी व्हिएन्नात मदतीचे कार्यक्रम केले. प्रवासी कंपन्यांच्या सहलीत हे चर्च बहुधा नसते. म्हणूनच ते स्वतः शोधून पाहावे.

त्यानंतर पेस्टला पश्चिम काठावरील बुडाशी जोडणाऱ्या साखळी पुलावर जावे. पूर्वी येथे नावा जोडून केलेला तात्पुरता पूल असे आणि हिवाळ्यात तो काढून ठेवावा लागे. हंगेरीचे सुधारक उमराव इश्तवान सेचेनी यांना १८२० मध्ये वडिलांच्या अंत्यविधीला जाताना बर्फामुळे नदी ओलांडता येईना आणि कित्येक दिवस खोळंबावे लागले. पक्क्या पुलाचा ध्यास त्यांनी तेव्हापासून घेतला, असे सांगतात. इंग्रज अभियंते विल्यम टिअर्नी क्लार्क यांनी आराखडा केला, स्कॉटिश अभियंते ॲडम क्लार्क यांनी बांधकामावर देखरेख केली आणि २० नोव्हेंबर १८४९ रोजी पूल खुला झाला. माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने १९४५ मध्ये तो उडवून दिला, तेव्हा शहराने तो पुन्हा उभारला आणि पहिल्यांदा खुला झाल्यापासून बरोबर शंभर वर्षांनी, त्याच तारखेला, वाहतुकीस मोकळा केला. बुडा, ओबुडा आणि पेस्ट ही तीन गावे १८७३ मध्ये एक झाली, त्याला या पुलाने आधीच वाट करून दिली होती, असे मला वाटते.

संसदभवनापासून पेस्टच्या काठाने थोडे दक्षिणेकडे गेले की घाटाच्या कडेला लोखंडी बुटांच्या साठ जोड्या मांडलेल्या दिसतात. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ॲरो क्रॉस या हंगेरीतील नाझीधार्जिण्या पक्षाच्या माणसांनी ज्यू नागरिकांना येथे काठावर उभे करून, जोडे काढायला लावून गोळ्या घातल्या. हे स्मारक २००५ मध्ये उभारले गेले. येथे छायाचित्रासाठी हसत उभे राहू नये, एवढी विनंती मी करीन.

बुडाच्या टेकडीवरील मच्छीमार बुरूज सकाळी लवकर पाहावा, कारण नंतर तेथे उभे राहायलाही जागा मिळत नाही. १८९६ ची भुयारी रेल्वे आणि काठाकाठाने धावणारी दोन क्रमांकाची ट्राम यांनी पायांना विसावा मिळतो. शाकाहारी मंडळींनी १८९७ च्या मोठ्या मंडईत वरच्या मजल्यावर लांगोश खावा. भटुऱ्यासारखा तळलेला, वर लसूण आणि आंबट साय लावलेला. मांस नको असल्याचे मात्र आधीच स्पष्ट सांगावे.

राहिली नदीच्या पातळीची गोष्ट. पाणी फार वाढले तर जहाजे पुलांखालून जाऊ शकत नाहीत, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस ते उतरले तर बव्हेरियातील श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन या उथळ टप्प्यात अडचण येते. अशा वेळी मधला प्रवास बसने करवतात किंवा प्रवाशांना दुसऱ्या जहाजावर हलवतात. तेव्हा पैसे भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे, की असे झाल्यास मुक्काम कोठे असेल, जेवणाची सोय कोण करील आणि पैसे परत मिळण्याची अट काय आहे. आणि हे सारे लेखी घ्यावे.