निर्माल्याची थैली

“नाना, ती थैली इकडे द्या बघू.” आज बडोद्यात दांडिया बाजारात आत्याकडे सत्यनारायण होता, पूजा आटोपली आणि नाना सवयीने निर्माल्य झबला थैलीत भरून विश्वामित्री नदीकडे निघाले तर गुरुजींनी दारातच अडवलं.

“नदीत मगरी राहतात, त्यांना कशाला आपली प्लास्टिकची दक्षिणा?”

सगळे हसले. गुरुजींनी दोरे, कापराची पाकिटं वेगळी काढली आणि फुलं स्वतः गच्चीवरच्या कुंडीत मातीखाली दाबली, सोवळ्यातच, हात बरबटलेले.

मला खटकलं ते नानांचं निमूट ऐकणं. हेच मी दहा वर्षं सांगतेय, कॉर्पोरेशनची गाडी भोंग्यावर सांगते, पण आमचं ऐकायचं म्हणजे त्यांना धर्म बुडाल्यासारखं वाटतं!

पंजाबात शीख संत सीचेवालांनी २००० साली काली बेईं नदी साफ करायला घेतली, स्वतः पाण्यात उतरले, मग गावंच्या गावं कारसेवेला आली. नुसत्या सरकारी बोर्डाने आली असती का?

निघताना गुरुजींना विचारलं, सगळ्या यजमानांना असं अडवता का? म्हणाले, “जिथे दक्षिणा आधी मिळते तिथे.”

तुमचे गुरुजी काय सांगतात हो?